सहारावी छावण्यांत वर्षभर इंग्रजी शिकवायचे तर

प्रश्न असा आहे: ‘मी अकोले तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवते. अल्जीरियातल्या सहारावी निर्वासितांच्या छावण्यांत जाऊन वर्ष-दोन वर्षे इंग्रजी शिकवावे असे फार मनात आहे. बिनपगारी रजा मिळेल. तिथे माझी खरोखर गरज आहे का? राहायचे कसे, खर्चाचे काय, आणि एकट्या बाईने जाणे ठीक आहे का?’

ताई, त्या छावण्यांत मी दीर्घकाळ राहून शिकवले आहे आणि नंतर जाणाऱ्यांची तयारीही करून घेत आले आहे. तेव्हा उत्तर लांबेल.

गरज आहे, पण तुमच्या मनात जे चित्र असेल त्या कामासाठी नाही. फळ्यापुढे उभी राहून मुलांना इंग्रजी शिकवणारी आणखी एक परदेशी बाई तिथे नको आहे. तशा कित्येक आल्या, मुलांनी जीव लावला, आणि त्या निघून गेल्या. पुढच्या वर्षी नवी आली, तिने पुन्हा ए-बी-सी आणि रंगांची नावे घेतली. चार-चार वेळा रंगांची नावे शिकलेली आणि एक सलग वाक्य न येणारी मुले मी पाहिली आहेत. तिथे हवी आहे ती सहारावी शिक्षिकेच्या बाजूला बसून तिचा हात बळकट करणारी व्यक्ती. वर्ग तिचा, मुले तिची, गाव तिचे. तुम्ही परत गेल्यावर वर्ग दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला भरला पाहिजे. माझ्या दृष्टीने कामाची कसोटी एवढीच, आणि पुढचे सगळे मी तिला धरूनच सांगते आहे.

आधी कुठे जाणार आहात ते नीट समजून घ्या, कारण ते वर्गात पहिल्या दिवसापासून पुढ्यात येते. सहारावींची मूळ भूमी म्हणजे पश्चिम सहारा; ती १८८४ पासून स्पेनची वसाहत. १९७३ मध्ये स्वातंत्र्यासाठी लढणारी सहारावींची पोलिसारिओ आघाडी स्थापन झाली. १९७५ च्या ऑक्टोबरात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिले की मोरोक्को किंवा मॉरिटानिया यांचे या भूमीवर सार्वभौमत्व ठरेल असे संबंध दिसत नाहीत आणि तिथल्या लोकांचा स्वयंनिर्णयाचा हक्क कायम राहतो. तरी पुढच्याच महिन्यात स्पेनने माद्रिदच्या कराराने प्रदेश त्या दोघांच्या हवाली केला. पोलिसारिओ आणि ते दोघे यांच्यात युद्ध पेटले. बायका, मुले, म्हातारी माणसे वाळवंट तुडवत अल्जीरियातल्या तिंदूफजवळ पोचली. १९७६ च्या २७ फेब्रुवारीला सहारावी प्रजासत्ताकाची घोषणा झाली. १९७९ मध्ये मॉरिटानिया बाजूला झाला. १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने शस्त्रसंधी झाला, तो सार्वमत घेण्याच्या बोलीवर. सार्वमत आजतागायत झालेले नाही, आणि २०२० च्या नोव्हेंबरमध्ये शस्त्रसंधीही मोडला. म्हणजे तुमच्यापुढे बसलेल्या मुलीची आईच नव्हे, तर कदाचित आजीही छावणीतच वाढलेली असेल.

छावण्या पाच: लायून, औसर्द, स्मारा, दाखला आणि बुजदूर. शिवाय रबूनी हे कारभाराचे ठिकाण. मंत्रालये, गोदामे, मोठे रुग्णालय तिथे. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अंदाजाप्रमाणे सगळे मिळून १,७३,६०० माणसे. दाखला सोडली तर बाकीच्या तिंदूफच्या आसपास आहेत. दाखला एकटी दीडशेहून अधिक किलोमीटर लांब, आणि तिथे काम करणाऱ्याला खऱ्या अर्थाने एकटे पडायची तयारी लागते. प्रत्येक छावणी म्हणजे एक विलाया, म्हणजे प्रांत; तिच्या पोटात दाइरा, म्हणजे तालुक्यासारखे भाग; त्याखाली मोहल्ले. युद्धाच्या वर्षांत पुरुष आघाडीवर असताना हा सगळा कारभार बायकांनी उभा केला. आजही दाइरा, दवाखाना, बालवाडी कुठेही जा, काम बायकांच्या हातात दिसते. इंग्रजीच्या वर्गांचेही तेच आहे.

छावण्यांना नावे दिली आहेत ती मागे सुटलेल्या शहरांची. इंग्रजीच्या कोणत्याही पुस्तकाचा पहिला धडा असतो, ‘तू कुठला?’ मूल सांगते, ‘मी दाखलाचा.’ कुठल्या दाखलाचा? समुद्रकाठच्या, की या रेतीतल्या? दहा वर्षांच्या मुलाने समुद्र पाहिलाच असेल तर उन्हाळ्यात स्पेनला गेला तेव्हा पाहिलेला असतो, दाखलाचा नव्हे. तुम्ही हा धडा घेऊ नका असे मी म्हणत नाही. उलट, तो घ्याच, पण सहारावी शिक्षिकेला घेऊ द्या. ती तो असा घेते की मूल दोन्ही वाक्ये शिकते: मी राहते कुठे, आणि माझे घर कुठे. ‘माझे गाव’, ‘माझी सहल’, ‘विमानतळावर’ अशा पाठांतही हीच गत. पासपोर्टचा धडा साधा वाटतो, पण इथल्या माणसांचा प्रवास बहुतेकदा अल्जीरियाने दिलेल्या पासपोर्टावर होतो, आणि तो मिळवणे हा घराघरात बोलला जाणारा विषय आहे. बाजारातली परदेशी पाठ्यपुस्तके नेऊ नका. सामानाचे वजन तेवढेच वाचेल.

मग वाचायला काय द्यायचे? पाण्याचा टँकर येतो तो दिवस, शेळ्यांचे तारेचे कुंपण, चहा, वारा, फुटबॉल, रबूनीचा बाजार, भावाचा फोन. यांवर पाच-सहा वाक्यांचे उतारे शिक्षिकेबरोबर बसून लिहा. आणखी एक मोठा खजिना तिथे आहे. सहारावी समाज मुळात भटका पशुपालक, पावसाच्या मागे फिरणारा. त्यांना ढगांची लेकरे म्हणतात. हस्सानिया या त्यांच्या अरबी बोलीत कविता तोंडी चालत आलेली आहे आणि पाठांतराची ताकद मुलांत जबरदस्त आहे. आज्यांकडून उंट, तारे, पाऊस, वाटा यांच्या गोष्टी मुलांनी हस्सानियात ऐकायच्या आणि सोप्या इंग्रजीत चार ओळींत मांडायच्या, हा उपक्रम मी जिथे जिथे पाहिला तिथे चालला. १९७५-७६ च्या पळापळीच्या, बॉम्बहल्ल्यांच्या आठवणी मात्र तुम्ही होऊन विचारू नका. आजीने स्वतःहून सांगितले तर ऐका. वर्गासाठी खुराक म्हणून त्या आठवणी उकरायच्या नसतात.

इंग्रजीच का, हा प्रश्न तुम्हाला पडायला हवा. छावणीतली मुले घरी हस्सानिया बोलतात, शाळेत प्रमाण अरबी शिकतात आणि तिसरीपासून स्पॅनिश. कित्येक डॉक्टर, शिक्षक क्युबात शिकून आलेले आहेत. त्यांची स्पॅनिश क्युबाच्या वळणाची. उन्हाळ्यात हजारो मुले ‘शांततेतील सुट्ट्या’ या योजनेखाली स्पॅनिश कुटुंबांत जातात. पुढे माध्यमिक शिक्षणासाठी बरीच मुले अल्जीरियाच्या वसतिगृहांत जातात, तिथे फ्रेंच गाठ पडते. एवढ्या भाषांत इंग्रजीची जागा कुठली? पहिले म्हणजे, त्यांच्या प्रश्नाची चर्चा न्यूयॉर्कला होते, ठराव तिथे लिहिले जातात. ऑक्टोबर २०२५ च्या ठरावात सुरक्षा परिषदेने, पश्चिम सहाराला मोरोक्कोच्या सार्वभौमत्वाखाली स्वायत्तता देण्याच्या मोरोक्कोच्या प्रस्तावाला वाटाघाटींचा पाया मानले, तेव्हा तो मजकूर स्वतः वाचता येणारा आणि स्वतः उत्तर देता येणारा तरुण वर्ग हवा, ही गरज तिथली माणसे बोलून दाखवतात. दुसरे, अल्जीरियाने २०२२ पासून प्राथमिक शाळेत इंग्रजी आणली आहे, तेव्हा पुढे वसतिगृहात जाणाऱ्या मुलांना ती लागणारच. तिसरे, छावणीत नोकऱ्या जवळपास नाहीतच. ज्या आहेत त्या बहुतेक मदतसंस्थांच्या, आणि ऑनलाइन कामाला इंग्रजी लागते. तरुणांचा रेटा यातूनच येतो. प्रौढांच्या संध्याकाळच्या वर्गाला तुम्हाला जेवढी निष्ठा दिसेल तेवढी मी इतरत्र क्वचित पाहिली.

आता तुमच्या बाजूची गोष्ट. काही संस्था जाहिरातीत ‘इंग्रजी मातृभाषा असलेले’ असे लिहितात. त्याने खचू नका आणि अर्ज करा. मराठीत वाढून, वाकून वाकून इंग्रजी शिकलेली शिक्षिका सहारावी शिक्षिकेला जे देऊ शकते ते लंडनच्या मुलीला देता येत नाही, कारण कुठले वळण अवघड आहे हे तिला अंगवळणी माहीत असते. एका खोलीत तिसरी ते पाचवी एकदम बसवून शिकवायची सवय तर सोन्यासारखी. तिथल्या शिकवणी वर्गात स्पेनला तीनदा जाऊन आलेले मूल आणि अक्षरओळख नसलेले मूल एकाच सतरंजीवर असते. बहुवर्ग अध्यापन केलेल्या माणसाला हे नवीन नाही.

भाषेच्या काही खास अडचणी सांगते, म्हणजे तयारी करून जाल. अरबीत ‘प’ नाही, म्हणून ‘पार्क’चा ‘बार्क’ होतो. तोंडापुढे कागदाचा कपटा धरून ‘प’ म्हणताना तो हलवायचा हा जुना उपाय तिथेही चालतो. ‘व’ची भीती अरबी मुलांबद्दलच्या पुस्तकांत लिहिलेली असते, ती इथे विसरा: हस्सानियात ‘फ’ बहुधा ‘व्ह’सारखाच उच्चारतात, त्यामुळे तो ध्वनी त्यांच्या जिभेवर आहे. उलट आपणा मराठी माणसांनाच इंग्रजीतले ‘व’चे दोन प्रकार वेगळे काढताना त्रास होतो, तेवढे आधी स्वतः घोटून जा. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, म्हणून इंग्रजी स्पेलिंगमधले स्वर मुले गाळतात; हे आळशीपणाने होत नाही, ही लिपीची सवय आहे, आणि तसे शिक्षिकेला समजावून सांगितले की ती लाल शाई कमी वापरते. अरबीत वर्तमानकाळात ‘आहे’ लागत नाही, त्यामुळे ‘शी टीचर’ असे वाक्य येते. इथे स्पॅनिश उपयोगी पडते, कारण स्पॅनिशमध्ये ते क्रियापद आहे आणि मुलांना माहीत आहे. स्पॅनिशला वर्गातून हाकलू नका. अर्धी शब्दसंपत्ती तिच्या आधाराने येते. काही शब्द फसवतात, जसे स्पॅनिश ‘लिब्रेरिया’ म्हणजे पुस्तकाचे दुकान, ग्रंथालय नव्हे. अशा फसव्या शब्दांची यादी शिक्षिकेलाच करायला सांगा. तुमच्यापेक्षा तिला अधिक सापडतील.

पहिला महिनाभर शिकवू नका. वर्गात मागे बसा, मुलांची नावे पाठ करा, हस्सानियाची सुरुवात करा. नमस्काराला तिथे वेळ द्यावा लागतो. ‘याक लाबास’ (सगळे ठीक ना?) ने सुरू झालेली विचारपूस घर, तब्येत, शेळ्या, हवा असे फिरून मगच कामावर येते, आणि ती घाईने उरकणारी माणसे तिथे रुजत नाहीत. मग शिक्षिकेबरोबर आठवड्याचे पाठ लिहायला बसा. पाठ तिच्या अक्षरात, तिच्या वहीत. आधी ती घेईल, तुम्ही पाहाल. नंतर एकच गोष्ट सांगा, दहा नव्हे. तिचे उच्चार सुधारायचे असतील तर मुलांसमोर कधीही नको. मीही एका शिक्षिकेबरोबर असे बसत असे. तिने हळूहळू मोबाइलवर स्वतःच्या आवाजात उतारे ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. ते उतारे मुलांच्या आईच्या फोनवर गेले आणि दोन दाइऱ्यांत ऐकले जाऊ लागले. तिच्या आवाजात होते म्हणून ते टिकले.

शिक्षिका सोडून जाण्याचा प्रश्न फार मोठा आहे, आणि तो तुम्ही सोडवू शकणार नाही. छावणीतल्या शिक्षकांचे मानधन तुटपुंजे आणि अनियमित असते. लग्न होते, मूल होते, नवरा स्पेनला जातो, मदतसंस्थेत थोडे बरे काम मिळते. तुम्ही वर्षभर तयार केलेली बाई एप्रिलमध्ये सांगेल की मी चालले. तिला दोष देऊ नका. म्हणून सुरुवातीपासून दोघी-तिघींबरोबर काम करा, एकीबरोबर नको. पाठांच्या वह्या वर्गाच्या मालकीच्या ठेवा आणि उंच फडताळावर ठेवा. ऑक्टोबर २०१५ च्या पुरात उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांची घरे आणि शाळा अक्षरशः विरघळल्या होत्या. वाळवंटात पूर येतो हे तिथे कुणाला सांगावे लागत नाही.

या पद्धतीचे एक उदाहरण पाहायचे असेल तर बुजदूर छावणीतला ‘डेझर्ट व्हॉइसबॉक्स’ पाहा. लंडनच्या सँडब्लास्ट या संस्थेने सुरू केलेला शाळेनंतरचा वर्ग आहे. इंग्रजी आणि संगीत एकत्र शिकवतात आणि स्थानिक सहारावी तरुणींना शिक्षिका म्हणून घडवतात. इतरही केंद्रे आहेत. कोणत्याही संस्थेशी बोलताना मी तीन गोष्टी विचारायला सांगते: माझ्या आधी कोण होते आणि त्यांच्याशी मला बोलता येईल का, स्थानिक शिक्षिकांना मानधन कोण देते आणि ते वर्षभराचे ठरलेले आहे का, मुलांबरोबर एकटे असण्याबद्दल, छायाचित्रांबद्दल तुमचे लेखी नियम काय. तिसऱ्या प्रश्नाला ज्यांनी टाळाटाळ केली त्यांच्याकडे जाऊ नका. आणि स्वयंसेवा करण्यासाठी कुणी मोठे शुल्क मागितले तर त्यातला किती भाग छावणीत पोचतो याचा हिशेब मागा.

कागदपत्रे. छावण्यांत आपल्या मनाने जाता येत नाही. यजमान संस्था सहारावी प्रशासनाकडून परवानगी काढते, त्यावर अल्जीरियाचा व्हिसा मिळतो. दिल्लीत अल्जीरियाचा दूतावास आहे. वेळ लागतो, आणि पर्यटक व्हिसावर जाऊन बघू असा विचारही करू नका. पुढे अल्जियर्सहून तिंदूफचे विमान, आणि तिथून संस्थेची गाडी. भारताचा दूतावास अल्जियर्सला आहे; तिथे नाव नोंदवा. भारताने १९८५ मध्ये सहारावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली होती आणि २००० मध्ये ती काढून घेतली, हे तिथल्या वयस्क माणसांना चांगले ठाऊक असते. कुणी विचारले तर सरकारच्या वतीने बाजू मांडत बसू नका, ऐकून घ्या.

सुरक्षेबद्दल लपवाछपवी नको. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये रबूनीतून तीन परदेशी मदत कार्यकर्त्यांचे अपहरण झाले होते; पुढच्या जुलैत ते सुटले. तेव्हापासून परदेशी माणसांच्या हालचालीवर बंधने आहेत: छावणीबाहेर जाताना सोबत, रात्री ठरावीक वेळेनंतर बाहेर नाही. हे जाचक वाटते, पण पाळायचेच. तुमच्यामुळे यजमान कुटुंब अडचणीत येते. २०२० नंतरची लढाई मोरोक्कोने बांधलेल्या सुमारे २,७०० किलोमीटरच्या वाळूच्या भिंतीच्या परिसरात चालते, छावण्यांत नाही. पण त्या दिशेला, सुरुंगांच्या भागात, ‘मुक्त प्रदेश’, म्हणजे भिंतीच्या अलीकडचा पोलिसारिओच्या ताब्यातला भाग, बघायला म्हणून कुणाच्या गाडीत बसायचे नाही. विमा घेताना हा प्रदेश आणि तिथून विमानाने हलवण्याचा खर्च त्यात आहे का, हे लेखी घ्या. बऱ्याच पॉलिसी नेमके हेच वगळतात.

एकट्या बाईने जाण्याबद्दल मी मोकळेपणाने हो म्हणते. घरात राहाल, घरातल्या बायकांबरोबर. पुरुष स्वयंसेवकाला जी दारे बंद असतात ती तुम्हाला उघडी असतात: बायकांची केंद्रे, बाळंतिणीची खोली, लग्नाची रात्र. अंग झाकणारे सैल कपडे न्या, आणि मेल्हफा, म्हणजे अंगभर गुंडाळायचे तिथल्या बायकांचे लांब वस्त्र, तिथल्या बाया आनंदाने नेसवतील. ऊन आणि वाळू दोन्हींसाठी त्याच्यासारखे वस्त्र नाही. कुणी फार आग्रहाने लग्नाबद्दल विचारत असेल तर घरातल्या मोठ्या बाईला सांगा. ती बघून घेते.

घर म्हणजे मातीच्या किंवा सिमेंटच्या विटांच्या दोन-तीन खोल्या आणि शेजारी तंबू. वीज आता बहुतेक ठिकाणी आहे, उन्हाळ्यात जाते. पाणी टाकीतले, टँकरने भरलेले. अंघोळ तांब्याभर पाण्याने करायची सवय आपल्याकडच्या दुष्काळी तालुक्यांतल्या माणसाला शिकवावी लागत नाही. पिण्यासाठी बाटलीचे पाणी घ्या, ते नाजूकपणाचे लक्षण समजू नका. तिथल्या पाण्यात क्षार आणि आयोडीन जास्त आहे आणि गलगंडाची तक्रार जुनी आहे. जेवण शिध्यावर बेतलेले: पीठ, तांदूळ, डाळ, तेल, साखर. जागतिक अन्न कार्यक्रम १,३३,६७२ शिधे देत आला आहे, आणि निधी आटला की शिधा कमी होतो. यजमानीण मात्र पाहुणीपुढे मांस आणि खजूर ठेवेल, ते तिच्या मुलांच्या ताटातले असते. म्हणून घरखर्चात दरमहा ठरलेली रक्कम द्या, संस्थेमार्फत किंवा थेट घरातल्या बाईच्या हातात, आणि आठवड्याला भाजी-फळे घेऊन या. शाकाहारी असाल तर आधी कळवा. चालते, पण कंटाळवाणे होते, आणि दर जेवणाला कुणाला तरी वाईट वाटते.

हे अन्नाचे सांगितले ते वर्गासाठीही. छावण्यांतली निम्म्याच्या आसपास मुले रक्तक्षयाने ग्रासलेली असतात, असे पाहण्यांत दिसले आहे. दुपारी चार वाजता मूल डोळे मिटत असेल तर तुमचा पाठ कंटाळवाणा आहे असा निष्कर्ष काढण्याआधी त्याने काय खाल्ले हे शिक्षिकेला विचारा. त्या वयात अर्धा तास उभ्याने, गाणी-हालचालींसह घेतलेला वर्ग तासभराच्या बैठ्या वर्गाहून जास्त देतो.

वर्षाचे गणित आपल्यासारखे नाही. ऑक्टोबर ते मे हेच खरे कामाचे महिने. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हाडे गोठवतात. चांगली रजई लागतेच. वसंतात इरीफी हा वाळू उडवणारा गरम वारा सुटला की दिवस-दिवस वर्ग नाही. रमजानमध्ये वेळापत्रक रात्रीकडे सरकते आणि प्रौढांचा वर्ग इफ्तारनंतर उलट फुलतो. फेब्रुवारीच्या शेवटी प्रजासत्ताक दिन आणि सहारा मॅरेथॉन, तेव्हा घरे परदेशी पाहुण्यांनी भरतात आणि मुले वर्गात नसतात. जूननंतर पारा ५० अंशांकडे जातो, जमेल ती माणसे बाहेर पडतात, मुले स्पेनला जातात. त्या दोन-तीन महिन्यांत तुम्हीही घरी या. तुमची ‘एक-दोन वर्षे’ म्हणजे प्रत्यक्षात असे एक किंवा दोन हंगाम. दोन करा. पहिल्या हंगामात माणसे ओळखीची होतात. काम दुसऱ्यात उभे राहते. आणि उन्हाळ्यानंतर परत आलेली बाई ही तिथे वेगळीच ठरते, कारण बहुतेक जणी परत येत नाहीत.

खर्चाचा नेमका आकडा मी देत नाही, विमानभाडे आणि व्हिसा बदलत राहतात. पण हिशेबात येणे-जाणे दोनदा, विमा, घरखर्चाची रक्कम, पाणी आणि अडीअडचणीला परतीच्या तिकिटाएवढी शिल्लक धरा. छावणीत कार्ड चालेल असे गृहीत धरू नका. रोख दिनार लागतात. देणग्या गोळा करून नेणार असाल तर वस्तू नको. खडू, वह्या, पेन रबूनीत आणि तिंदूफमध्ये मिळतात. त्या पैशातून एका शिक्षिकेचे वर्षाचे मानधन निघत असेल तर ते संस्थेकडे जमा करा, नाव तुमचे कुठेही न लावता.

राजकारणाबद्दल शेवटचे. छावण्या पोलिसारिओच्या प्रशासनाखाली आहेत, आणि तुम्ही त्यांच्या पाहुण्या. त्यांचा लढा तुम्हाला पटत असेल, मला पटतो. पण वर्गाचे रूपांतर घोषणांच्या तालमीत करू नका, मुलांच्या हातात फलक देऊन व्हिडिओ काढू नका. छावणीतही मते एकसारखी नाहीत. कंटाळलेले, प्रश्न विचारणारे, परत शस्त्र उचलावे म्हणणारे, स्पेनला निघून जावे म्हणणारे तरुण एकाच घरात भेटतात. त्यांना इंग्रजीत आपापले मत मांडता आले तर काम झाले. कोणते मत हे त्यांच्यावर सोडा.

तुम्ही यंदा जायचे ठरवत असाल तर मे महिन्याच्या आत संस्थेला पत्र टाका. पत्रात तुमच्या पदव्या दोन ओळींत उरका आणि बहुवर्ग शाळेत तुम्ही एक पाठ कसा घेता याचे पानभर वर्णन लिहा. सोबत स्पॅनिशचा प्राथमिक अभ्यासक्रम सुरू करा. सहारावी शिक्षिकेशी तुमचे पहिले काही महिने मोडक्या स्पॅनिशमध्येच जाणार आहेत. रजेचा अर्ज दोन वर्षांचा करा, आणि मधल्या उन्हाळ्यात घरी येण्याचा उल्लेख त्यातच असू द्या.